आकृती क्रमांक चार

रविवार घालवून काढली होती मी ती आकृती,
खाजन शेती आणि तिची मानस:
खारं पाणी निळं, गोडं हिरवं,
भरतीचे बाण लाल.
खाली ओळ: चित्रात दाखवल्याप्रमाणे.

तन्वेश मांद्रेकरच्या फोनने ती वाचली अशी:
प्रतिमा. आयएमजी दोन शून्य चार सात.
बटण, नाव नाही.
बटण, नाव नाही.

त्याचा निरोप आला, बोलूनच धाडलेला:
"टीचर, निळं कुठे संपतं ते राहू दे.
पाणी कुठून आत येतं ते सांगा."

रात्री बसले वर्णन लिहायला.
'लाकडी दार' लिहिलं आणि अडले.
केवढं? बिजागरी वर की बाजूला?
आत उघडतं की बाहेर?
आकृतीत मी नुसता चौकोन काढला होता.
डोळ्यांचं चौकोनावर भागतं,
वाक्याला बिजागरी लागते.

पहिल्या फेरीबोटीने दिवाडीला गेले.
बांधावर तन्वेश पुढे, मी मागे,
चपला हातात, घसरत.
त्याचा बाप मानशीशी जाळं झाडत होता,
हसला, पण काही बोलला नाही.
"हात लावा," तन्वेश म्हणाला.
बुळबुळीत फळी, तिच्यावर कालवांची धार,
आणि बोटभर फट,
आणि फटीपलीकडे
दुसरं दार.
दारं दोन होती.
बारा वर्षं मी एकच शिकवत होते.

भरती चढली. पाण्यानेच ती लोटली.

"हे व्हिडिओत आहे ना? खाली काय लिहिलंय, रोशेलसाठी?"
रोशेल पहिल्या बाकावरची, तिला ऐकू येत नाही.
मी वाचून दाखवलं: [पाण्याचा आवाज]
"कसला आवाज?"
मी म्हटलं, धप्प असा काहीतरी.
"धप्प तिच्या काय कामाचं?
दार मिटतं ना, तेव्हा तळपायाला कळतं.
थांबा. आत्ता. कळलं?"

कळलं.

आता तिथे असं आहे:
[दोन्ही दारं मिटतात. बांध पायाखाली हलतो.]
तन्वेशच्या वर्णनातही तीच ओळ घातली,
फक्त कंस काढले.

अजून अकरा आकृत्या उरल्यात.
आणि चाचणीतलं ते चाळीस सेकंदांचं घड्याळ,
उमाकांतची बोटं एकेका अक्षराशी झगडत असताना
वर टिकटिकत राहणारं.
कुणी सांगितलं होतं ते लावायला?
मीच लावलं होतं.
आधी ते काढते.