एक हात दोराला

आमच्या पुंता अरेनासमध्ये ऑक्टोबर लागला
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात.
कपडे वाळत घालायला नाही,
रस्ता ओलांडणाऱ्यांनी धरायला.

अशा गावात येर्को मातुलिचनं
डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत
केस नेण्याचं ठरवलं,
आणि सव्वीस वर्षं नेले.

भांग माझ्या डोळ्यांदेखत सरकला.
बाबा कात्री धरायचे तेव्हा तो भुवईच्या रेषेत होता,
दुकान माझ्या नावावर झालं तेव्हा कानाच्या वर तीन बोटं,
मग दोन, मग
भांग शोधायला मलाच मान वाकडी करावी लागली.

जकात कचेरीतला माणूस. मोजायची सवय.
बाटलीतलं, गोळीतलं, सांतियागोहून टपालानं आलेलं
कांद्याच्या वासाचं तेल, सगळं करून झालं.
सकाळी उशीवरचे केस मोजायचा
आणि आकडा मला हळूच सांगायचा,
दुसऱ्याच्या घरातलं आजारपण सांगावं तसा.

मी सांगून पाहिलं:
लांब केस टक्कल झाकत नाही, त्याच्याकडे बोट दाखवतो.
बाजू बारीक करू, वरचेही आखूड.
ते चकचकीत जेल टाका, ओले केस विरळ दिसतात,
कोरडी पावडर घ्या, बोटांनी मुळाशी चोळा.
दाढी थोडी येऊ द्या, चेहऱ्याला खालून वजन मिळेल.
तो आरशात माझ्याकडे नाही, माझ्या कात्रीकडे बघायचा.
"नॉल्विया, केसालाही धक्का नको.
फक्त टोकं."
मी टोकं कापायची.
पैसे पूर्ण घ्यायची.

तर, त्या मंगळवारी
नातीला शाळेतून आणायचं होतं. अयेलेन, सहा वर्षांची,
दप्तर तिच्याहून रुंद.
चौकात वारा असा आला
की बसथांब्याची काच वाजायला लागली.
एक हात दोराला.
दुसरा डोक्यावर, नेहमीच्या जागी.
आणि अयेलेन म्हणाली, "आजोबा, मला कुठला हात?"

माणसाला हात दोनच.
हे त्यानं मला नंतर बोटं दुमडून सांगितलं,
बेरीज पुन्हा तपासल्यासारखं.

त्यानं नातीचा हात धरला.
केस उठले,
एका बिजागरीवर राहिलेल्या
डब्याच्या झाकणासारखे,
आणि चौक पार होईपर्यंत उभेच राहिले.

कोणी पाहिलं?
समोरची बाई स्कर्ट आवरत होती,
पोस्टमन पिशवीवर पालथा झाला होता,
एक कुत्रा तिरका तिरका चालला होता.
अयेलेननं पाहिलं. "आजोबा, झेंडा!"
आणि तो हसला.
म्हणजे, हसलो असं तो म्हणतो.

मग दुकानात, ओव्हरकोट न काढताच: "काप."
किती, मी विचारलं नाही.
सव्वीस वर्षांचा तो पसारा जमिनीवर पडला
तेव्हा मूठभरही भरला नाही.
खालची कातडी कोवळी निघाली,
तसबीर काढल्यावर भिंतीवर उरतो त्या रंगाची.
मी गरम टॉवेल ठेवला. बराच वेळ तो गप्प.
"गार लागतं," शेवटी म्हणाला.
"टोपी घ्या लोकरीची," मी म्हणाले. "इथे सगळेच घालतात."

आता तीन आठवड्यांनी येतो.
मशीन, दोन नंबर, आठ मिनिटं.
पैसे तेवढेच, पण बोलतो जास्त.
फक्त दारातून बाहेर पडताना उजवा हात
अजून वर जातो आणि अर्ध्यावर थांबतो,
कुणाला ओळख दिल्यासारखा,
आणि समोरचा बेकरीवाला खरंच हात हलवतो.

त्या दिवशी कंगवा माझ्याकडेच राहिला होता.
शिंगाचा, त्याच्या वडिलांचा,
एकही दात पडलेला नाही.
मी खणात ठेवला. गेल्या शनिवारी त्यानं मागून घेतला.
कशाला, मी विचारलं.
"खिशाला सवय आहे," म्हणाला,
खिसा बाहेरून एकदा चाचपला
आणि वाऱ्यात गेला.