सात अक्षरं

ब्रीड हेसल्टाइन आली तेव्हा
मी एका कुत्र्याची पाटी कोरत होतो.
ओल्या बुटांनीच दारात उभी राहिली, म्हणाली,
वॉल्टरच्या नावाखाली एकच शब्द हवा.
हिमसेल्फ.

बस?
बस.

अक्षरामागे सहा पौंड. सातांचे बेचाळीस.
हिशेब मांडला आणि जिभेवर आलंच:
बाई, या किनाऱ्यावर आम्ही हिसेन म्हणतो,
खाणीत, गुत्त्यात, चॅपलच्या पायरीवर.
वॉल्टरही म्हणायचा. सहाच अक्षरं आहेत.

ती हसली नाही.
मी मेयोची, म्हणाली.
तिकडे बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव टाकत नाही.
खुद्द आले का?
खुद्द जेवले का?
खुद्दांची आज तब्येत बरी नाही.
एकेचाळीस वर्षं हाच शब्द वापरला मी,
तोही दुसऱ्यांशी बोलताना.
त्याच्या तोंडावर कधी म्हणाले नाही.

रात्री खडूने दगड आखला.
अक्षरं मी अर्थाच्या आधी शिकलो, रुंदीवरून:
एम ऐसपैस, आय म्हणजे काडी,
एफचा हात मोडतो, त्याला जपावं लागतं.
अर्थासाठी फळीवर एक जाडा कोश आहे,
चॅपलने टाकून दिलेला,
डब्ल्यूची पानं ओलीने चिकटलेली.

कोश म्हणतो, सेल्फ इथल्याच मातीतला, जुना.
देअर आणि देम होड्यांतून आले
समोरच्या याच समुद्रावरून, कुऱ्हाडीवाल्यांच्या तोंडी,
आणि लुटालूट थांबल्यावर इथेच राहिले,
जावयासारखे.
इट्स तर कालचं पोर.
त्याआधी दगडाचं, दाराचं, सगळ्यांचं हिज.
(कुत्र्याच्या मालकिणीला हे सांगायचं राहिलं.)

माइन म्हणजे माझं, ते घरचं.
वॉल्टर ज्या माइनमध्ये उतरायचा
ती फ्रेंचांकडून आलेली, परकी.
उच्चार एक, नातं काहीच नाही.
समुद्रतळाखालून पोटॅश खणून वर आला
की डोळे चोळत तो म्हणायचा,
नाव माझी, आणि मालक लंडनात!
कोश तेव्हाच उघडायला हवा होता मी.

मग छिन्नी अडली.
मायसेल्फमध्ये 'माझा' आहे.
युवरसेल्फमध्ये 'तुझा', अवरसेल्व्ह्जमध्ये 'आमचे'.
हिमसेल्फमध्ये मात्र 'त्याचा' नाही.
'त्याला' आहे.
मी माझा, तू तुझा,
आणि तो नुसता त्याला:
त्याला बोलावलं, त्याला पाळी बदलून दिली,
त्याला पाळण्यात घालून खाली सोडलं,
त्याला शेवटी चौघांनी वर काढलं.

हिसेनमध्ये 'त्याचा' आहे.
आमचं गावंढळ, गुत्त्यातलं, सहा अक्षरी हिसेन
माणसाला त्याचा त्याला परत देतं.

सकाळी हे सगळं ब्रीडला सांगितलं,
धुळीच्या हातांनी, जरा अडखळत.
तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले.
मग तर हिमसेल्फच कोर, म्हणाली.
तो कधी स्वतःचा होता?
सकाळी खाणीचा,
संध्याकाळी कबुतरांचा,
रविवारी आईचा.
उरला तो मी 'खुद्द' म्हणून घरात ठेवला.

कोरला. एफचा हात शाबूत राहिला.
खाली मोकळा दगड बघून मी विचारलं नाही,
तिनेच बोट ठेवलं.
इथे हर्सेल्फ. किती होतात?

सातच.
पण या 'हर'मध्ये 'तिचं' आणि 'तिला' एकाच रूपात बसलेत.
ती स्वतःची होती की नुसती तिला,
हे ना कोशाला सांगता येईल, ना दगडाला.

बरंच आहे की, ब्रीड म्हणाली
आणि पर्स उघडली.
चौऱ्याऐंशी घे. आत्ताच घे.
मी जाईपर्यंत तू दर वाढवशील.