आठ माणसं लागतात

बुधवारी सकाळी साडेअकराला
घोडबंदर रोडच्या आत, येऊरच्या पायथ्याशी,
तिकीटखिडकीवर दोनच माणसं: हेमांगी आणि मी.
आतल्या बाईने विचारलं, "मुलं किती?"
आणि उत्तराची वाट न बघता
दोन कागदी पट्टे आमच्या मनगटांना बांधले,
इस्पितळात बांधतात तसेच, फक्त केशरी.

रजा नेहमीच्याच कारणावर टाकली होती.
सहा वर्षं माझे सगळे बुधवार
वाशीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर जमा झालेत.
काट्यावरचे सगळे "जा रे, जा" म्हणायचे,
पुढे कुणी काही विचारायचं नाही.
मागच्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली,
झोपलेल्या घराची कडी लावावी तशी, हळूच.
खाली येऊन हेमांगी उसाचा रस प्यायली, बर्फ न घालता,
आणि म्हणाली, "आता पुढच्या बुधवारचं काय करायचं?"

पार्कात शुकशुकाट.
ड्रॅगनच्या शेपटीवर माळ्याची फडकी वाळत होती.
रोलर कोस्टरपाशी स्टुलावर एक पोरगा डबा खात होता,
खिशावर नाव: वरठा.
"आठ माणसं लागतात," तो म्हणाला. "त्याशिवाय गाडी सुटत नाही."
"थांबतो की," हेमांगी म्हणाली.
वाट बघण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

थांबल्या थांबल्या तिने फलक वाचला,
शाळेत उभं राहून धडा वाचावा तसा, मोठ्याने:
चष्मा काढून ठेवावा. उंची चार फुटांच्या वर असावी.
हृदयविकार, मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी
तसेच गरोदर स्त्रियांनी बसू नये.
मग ओढणी कमरेला गच्च बांधली.
"चल. आपल्याला चालतंय."
मला हसू आलं की काय आलं, कळलं नाही.
तिला मात्र हसूच आलं.

एक वाजला तरी कुणी फिरकलं नाही.
वरठाने हात धुतले, मागच्या खोलीतून
वाळूच्या गोण्या आणून सीटांवर मांडायला लागला.
"सकाळी टेस्टिंगला हेच बसतात. बोलू नका कुणाला.
चार गोण्या म्हणजे एक माणूस."
मी वजनकाट्यावरचा. बटाट्याचा ट्रक भरून येतो,
रिकामा जातो, मी दोन्ही आकडे लिहून वजाबाकी करतो.
एक उचलून पाहिली: पंधरा किलो, फार तर सोळा.
पुढच्या सीटवरच्या गोणीचा पट्टा
हेमांगीने ओढून घट्ट केला. उगाच.

साखळी खटखटत वर निघाली.
मेट्रोचे खांब, टॉवरांच्या गॅलऱ्यांतले कपडे,
डोंगरात एक काटेसावर, पानाशिवाय, लालभडक,
आणि लांब खाडीची पट्टी, पुसायची राहिल्यासारखी.
लिफ्टमध्येही माझी बाही धरणारी ही बाई
दोन्ही हात वर करून बसली होती.
साखळी जिथे सोडते तिथे अर्धा क्षण
काटा शून्यावर आला.
सतरा वर्षांच्या नोकरीत असं पाहिलं नव्हतं,
गाडी काट्यावर उभी, आणि आकडा शून्य.

मग हेमांगी ओरडली. नुसतं नाही. शिव्या.
डॉक्टरीणबाईंना, माझ्या आत्याला,
उपास सांगणाऱ्या शेजारणीला,
घणसोलीच्या अख्ख्या सेक्टर सातला,
वळणावळणाला एकेकाचं नाव घेऊन.
मी काय ओरडलो ते आठवत नाही.
वरठा म्हणाला, "साहेब, तुम्ही आकडे मोजत होता."

तीन फेऱ्या झाल्या. चौथीला तोच नाही म्हणाला.
गोण्या उतरवायच्या होत्या. तो दोन-दोन नेत होता.
पुढच्या सीटवरची एक हेमांगीने कडेवर घेतली,
खोलीपर्यंत नेली, भिंतीला टेकवून ठेवली,
कुर्त्यावरची वाळू झटकली.
"किती भरेल रे?"
सोळा, मी म्हणणार होतो.
"भजी खाऊ," म्हणालो.
कँटीन बंद होतं.