उजव्या बुटाचं टोक

मी त्याले बॉल टाकताना कधीच नाही पायलं.
अजनीच्या पुलाखाली माह्यी पेटी, मॅच तिकडं जामठ्याले,
दिवसाची कमाई सोडून कोन जाते उन्हात?
पन त्याचे बूट माह्याकडं येत.

पयल्यांदा आला तवा चौदाचा असन.
लोको शेडातल्या लोनारे फिटरचं पोट्टं,
शर्टाच्या बाह्या आखूड, मनगटं लांब,
कॅनव्हासचे जोडे खडू घासून पांढरे केलेले.
डावा धड. उजव्याच्या टोकातून अंगठा बाहेर पायत होता.
मी म्हनलं, काय बावा, लंगडी खेळत शाळेत जातो का?
हासला नाही. म्हने, काका, बॉल सुटते ना हातातून,
तवा हा पाय मांगून घासटत येते.

स्कूटरच्या टायरचा तुकडा कापून टोकावर चढवला,
मेनाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवला.
बूट घालून तो तिथंच पळून पाये,
ट्रान्सफॉर्मरपासून रसाच्या गाडीपर्यंत, एकोनीस पावलं,
शेवटच्या पावलावर उडी, हात गरकन वर,
आन रसवाला गनपत दर खेपी खाली वाके,
पोट्ट्याच्या हातात बॉल नाही हे मायीत असूनही.

मे महिन्यात डांबर चपलेले धरून ठेवते,
कूलरच्या पान्यालेही वास सुटते,
तवा हा साडेपाचले रेल्वेच्या मैदानावर.
टायरचं टोक आठ दिवस पुरे. मंग सहा. मंग चार.
मी समजलो, जोर वाढून राहिला.

मंग खिळ्यांचे बूट आले, कोन्या सिनियरचे उतरलेले,
आत दुसऱ्याच्याच बोटांचे खड्डे.
एका सकाळी पालिशचे हात पुसाले पेपर घेतला
त त्याच्यात तो. तोंड वाकडं, केस उभे,
खाली बारीक अक्षरात, पाच बळी.
लोकायनं चेहरा पायला असन.
मले दिसला माह्या टाका.
तेवढ्या कागदाले हात पुसले नाही.

मंग कंपनीचे, सात हजाराचे.
म्हने, डाव्याले समोरून भोक पाडून दे, काका,
पाय आपटून आपटून नख काळं पडते, गळते.
कोऱ्या बुटाले रापी लावताना
माह्याच अंगावर काटा.

त्याच साली, दिवाळी होऊन गेल्यावर,
डाव्याची टाच आतल्या अंगानं दबलेली दिसली.
कंबर दुखते का? मी इचारलं.
मालगाडी चालली होती. सारे डबे जाईपर्यंत तो बोलला नाही.
मंग म्हने, कोनाले सांगू नोको, काका.
सोमवारी निवड हाय.

मी कोनाले सांगतो?
पुलाखाली बसनाऱ्याले कोन इचारते?
टाचेत चामड्याचा एक थर घातला, बेमालूम,
तीस रुपये घेतले.
तो थर घालाले नोको होता.

पुढं दीड साल बूटच नाही आले.
मनक्यात चीर होती म्हनतात, केसासारखी.
मंदात एकदा आला, पयले बारा पावलं पळाला,
मंग आठ, मंग नुसता उभा.
गनपत वाकला नाही.
सतरा रणजी मॅच, एकावन्न विकेट.
रस पेता पेता त्यानंच सांगितलं, दुसऱ्या कोनाचं सांगावं तसं,
आन गिलासातला बर्फ चावत राहिला.

आता तो तिकिटं तपासते, गोंदियाच्या लायनीवर.
काळे कातड्याचे बूट.
काल टाचा बदलाले टाकून गेला, घाईत होता.
मी उजवा हातात घेतला, टोक पायलं. मंग डावा.
दोन्ही सारखेच झिजलेले.
असे जोडे मले दिवसातून चाळीस येतात.