प्रत्यक्ष तारीख

फॉर्मवर पाच रकाने असतात.
तास क्रमांक, घटक, नियोजित तारीख,
प्रत्यक्ष तारीख, विभागप्रमुखांची सही.
चौथा रकाना जूनमध्ये कोरा सोडायचा.
एकोणीस वर्षं मी तो कोरा सोडत आलेय
आणि एकोणीस वर्षं सत्र संपताना
तिसऱ्याकडे बघून चौथा भरत आलेय.

यंदा तसं करायचं नाही, असं ठरवून
कोथरूडच्या या दोन खोल्यांत
खाली भंगारवाला ओरडून गेला तेव्हापासून बसलेय.
विषय उष्मागतिकी. तास अठ्ठेचाळीस.
त्यातून गणपतीचे पाच वजा,
चाचणी परीक्षांचे चार,
आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला,
की पलीकडची पोरं वळसा घालून येतात
त्याचे म्हणून दोन,
जे कुठलाच फॉर्म वजा करू देत नाही.
उरले सदतीस.

एन्ट्रॉपी पुस्तकात सातव्या प्रकरणात आहे.
लिहिणाऱ्याला एवढंच ठाऊक
की सातवं सहाव्यानंतर येतं.
मला ठाऊक आहे, ते येतं तेव्हा ऑक्टोबर असतो,
दुपारचे अडीच, तीनपैकी एक पंखा चालू,
आणि किसन पारगे भोसरीची रात्रपाळी उरकून
तसाच वर्गात आलेला असतो.

मला स्वतःला ती कळली
नोकरीच्या सहाव्या वर्षी.
शिकवताना. खडू हातात, वाक्य अर्धं,
आणि मी थांबले.
पोरांना वाटलं बाईंना चक्कर आली.
रेश्मा तांबोळीनं पाण्याची बाटली पुढे केली, मी प्यायले,
आणि कुणाला काही न सांगता
वाक्य पूर्ण केलं. तेच. पुस्तकातलं.
म्हणजे आधीच्या पाच बॅचेसना
मी न कळलेली गोष्ट व्यवस्थित शिकवली.
त्यांतले काही आज कुठे कुठे बॉयलर सांभाळतात.
एक जण दिवाळीला पेढे घेऊन येतो.

म्हणून यंदा ती पहिल्याच आठवड्यात आणणार आहे,
नाव न घेता.
टेबलावर कॅन्टीनचा कटिंग ठेवायचा
आणि हजेरी घ्यायची. बासष्ट नावं.
मग विचारायचं: गार झाला ना?
आता हा आपला आपण गरम का होत नाही?
आणि उत्तर द्यायचं नाही.
(हे जमायला हवं. मला गप्प बसण्याची सवय नाही.)
ऑगस्टमध्ये इंजिन आलं की पुन्हा तोच पेला.
सप्टेंबरात कुणीतरी स्वतःहून चिडून विचारेल.
नाही विचारलं तर?
इथे खोडरबरानं कागद जरा फाटलाय.

दातार सरांना कच्चा आराखडा दाखवला होता.
म्हणाले, "मॅडम, 'गार चहा' हा घटक अभ्यासक्रमात नाही."
खरंय. खोडून लिहिलं: प्रस्तावना.
मग म्हणाले, "अन् हा घटक दीड तासाचा कसा?
तास एक असतो किंवा दोन."

पर्वतीवर कधी चढलात का, सर, असं विचारणार होते.
तिथली पायरी एका पावलात संपत नाही
आणि दोन पावलांना पुरत नाही.
दर पायरीला दीड पाऊल,
म्हणून कधी डावा पाय वर चढतो, कधी उजवा,
आणि लय धरायला गेलं की धाप लागते.
विचारलं नाही. दोन लिहिले.
छत्तीस झाले, की अडतीस? पुन्हा मोजायला हवं.

आता सगळं भरून झालंय.
एन्ट्रॉपी, व्याख्या व गणिते: चौदा ऑक्टोबर.
शेजारचा रकाना जेमतेम बोटभर रुंद.
पारगेची तारीख त्यात कशी लिहू?
ती कदाचित सहा वर्षांनी असेल,
चाकणला, पहाटे तीनला,
कॉम्प्रेसरच्या गरम अंगावर हात टेकताना
तो मध्येच थांबेल,
आणि जोडीदार म्हणेल, काय रे, झोप आली का?

तो नाही म्हणेल.
मला कळवायला कुणी येणार नाही.
सोमवारी सहीला द्यायचंय.