मंगळवारची तागडी

एकोणीस वर्षं मी सावर्ड्याच्या वजनकाट्यावर बसलो.
लाल मातीचे ट्रक तोलले,
ड्रायव्हर हॉर्नवरून ओळखले,
आणि पंधरा टनांसमोर दहा लिहिलं,
जेव्हा जेव्हा लिहायला सांगितलं तेव्हा.
तपासणीचा साहेब आला की खाली बघत म्हणायचो,
काटा जुना आहे.

मग खाणी बंद झाल्या.
रस्त्यावरची धूळ खाली बसली.
काजूची पानं हिरवी असतात
हे माझ्या मुलीला पहिल्यांदाच दिसलं.
उभ्या ट्रकांच्या टपांवर दोडक्याचे वेल चढले
आणि बँकेचा माणूस आमच्या अंगणात
पाणी न पिता बसून राहिला.

इनासिनबाय तिठ्यावर भेटली,
डोक्यावर सुक्या बांगड्यांची पाटी.
तिचा मिंगेल बोटीवरून परत आलेला,
कंत्राट संपून, दिवसभर झोपलेला.
म्हणाली, "सांत आंतोन हरवलेलं शोधून देतो.
तुझं काय हरवलंय?"
मी म्हटलं, काम.
"मग ये मंगळवारी कपेलात.
तागडी धरायला माणूस नाही."

दारात मी सवयीने चपला काढल्या.
बाकी कुणी काढल्या नव्हत्या.
तिने माझ्या पायांकडे पाहिलं
आणि आपल्याही काढून माझ्या चपलांशेजारी ठेवल्या.

यंदा फेस्ताला बँड नव्हता.
बँडचे पैसे भिंतीशी उभे होते,
सुतळीने तोंड शिवलेल्या तीन पोत्यांत.
काशियान पदेर पावांची टोपली घेऊन आला.
दरवर्षी शंभर देणारा, या वेळी साठ.
रांगेतल्या प्रत्येकाची तो माफी मागत होता,
"पीठ महागलं हो,"
जसं काही त्यानेच त्यांचं देणं थकवलं होतं.

यादी पाद्रीबाबच्या अक्षरात, बेचाळीस नावं.
फर्नांडिस, गावकर, वेळीप,
गॅरेजमागे राहणारे झारखंडचे दोघे भाऊ,
त्यांची आडनावं कुणाला विचारायची सुचली नव्हती.
एकेचाळिसावा मी.
मला वाटलं होतं, मी फक्त तोलायला आलोय.

एका पारड्यात पाच किलोचं लोखंड,
दुसऱ्यात उकडा तांदूळ.
पाच झाले हे माझ्या मनगटाला कळायचं,
पण काटा मध्यावर येईना.
आणखी एक ओंजळ. तरी येईना.
मग दिसलं:
लोखंडाच्या पारड्यावर तिची डावी करंगळी.
उजवा हात यादीवरून सावकाश फिरत होता,
नावं घेत होता,
त्याला जणू या गोष्टीचा पत्ताच नव्हता.

"बाय, बोट," मी हळूच म्हणालो.
"खंयचें बोट?" म्हणाली. "पुढचं नाव घे."

हिशेब माझ्या हाडात मुरलेला.
इतक्या ओंजळी जास्त गेल्या
तर शेवटाला पोतं झटकावं लागणार.
मला ते सांगता आलं असतं.
दहाव्या नावालाच सांगता आलं असतं.
मी ओंजळ भरत राहिलो.
माझी पाळी आली तेव्हा काट्याकडे डोळे लावून
बरोबर पाचावर हात थांबवला.
करंगळी तिथेच होती.
"काटा बघ," ती म्हणाली, "अजून कमी आहे."

बेचाळिसावं नाव तिचंच होतं.
पाद्रीबाबने तिला न विचारता घातलेलं.
पोतं उलटं केलं तेव्हा
चार दाणे आणि सुतळीचा तुकडा पडला.
तिने नावापुढे "पावलें" लिहिलं,
रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली
आणि बांगड्यांची पाटी उचलायला
मला हात लावायला सांगितला.

रात्री बायकोने तांदूळ डब्यात ओतला.
मापटं दोनदा भरून पाहिलं.
"पाचच किलो? जास्त वाटतोय."

मी चुलीकडे बघत होतो.
काटा जुना आहे, म्हटलं.