चष्मा

शाळेत रिकामी खोली नाही, म्हणून आम्ही
स्वयंपाकघरात बसतो, चुलीच्या उबेला.
मी, आणि लिसांद्रो वेन्तेओ,
सहावीतला, वाचनात दुसरीच्याही मागे.
एदेल्मिराबाई पलीकडे बटाटे सोलत असतात.
खिडकीबाहेर चिलोएचं धुकं,
ओहोटीच्या चिखलात कलंडलेल्या होड्या.

वाच म्हटलं की तो आधी खोकतो.
मग बुटाची नाडी बांधतो.
मग, बाई, पाणी पिऊन येऊ?
ओळीवर बोट ठेवतो ते असं,
जणू खडकाला चिकटलेली शिंपली उपटायचीय
आणि चाकू घरी राहिलाय.

जुन्या शाळेने कागदावर लिहून पाठवलं: लक्ष देत नाही.
धक्क्यावरून इंजिनाचा आवाज आला
की हा मान वर न करता सांगतो,
कुणाची होडी, आणि तिचं काय दुखतंय.

मंगळवारी आम्ही 'आचे'पाशी अडलो.
स्पॅनिशमध्ये हे अक्षर लिहायचं, म्हणायचं नाही.
बर्फात आहे, धुरात आहे,
हाडात आहे, भुकेत आहे,
त्याच्या स्वतःच्या नावातसुद्धा लिहितात आणि गिळतात.
"मग ठेवलंय कशाला?"
बावीस वर्षं शिकवतेय. उत्तर नव्हतं.
मी वहीत त्याचं आडनाव लिहिलं.
पहिलंच अक्षर तेच निघालं.
तो बघत राहिला, चुलीत लाकूड कोसळेपर्यंत.
मग म्हणाला, "आजोबांच्या होडीवर हे नाहीये.
त्यांनी ऐकू येतं तेवढंच रंगवलंय."

गुरुवारी एदेल्मिराबाई म्हणाल्या,
"चष्मा सापडत नाही रे पोरा,
बघ बरं या पिशवीवर, दुधाला पाणी कसलं घालायचं?"
चष्मा त्यांच्याच खिशात.
काडी बाहेर आलेली मला दिसत होती.
त्याने वाचलं. खोकला नाही, नाडी नाही.
"को... कोमट."
"नक्की? गार नाही ना?"
तो ओळीच्या सुरुवातीला परत गेला, कुणी न सांगता.
"कोमट."
चाळीस पोरांचं दूध
त्या एका शब्दावर कालवलं गेलं.

तेव्हापासून चष्मा रोज हरवतो.
बाईंना वाचता येतं की नाही, मी विचारलेलं नाही.
एकदा पाहिलं फक्त,
तो वाचत असताना त्यांचेही ओठ हलत होते,
अर्ध्या अक्षराने मागून.

तक्त्यात रकाना असतो, मिनिटाला शब्द किती.
मार्चात नऊ होते.
ऑगस्टात मी एकतीस लिहिले,
आणि 'कोमट' कुठे लिहावा ते कळेना.

काल तो उशिरा आला. नखांत निळा रंग.
"जागाच नव्हती बाई, टोकाला अगदी.
बारीक काढावं लागलं.
म्हणणार कुणीच नाही, पण आता आहे."
जरा थांबून म्हणाला,
"आजोबा चिडलेत."
आणि पुस्तक स्वतःकडे ओढलं.